चेंडूचा ठेका, समूहाची लय

बास्केटबॉलच्या मैदानावर नव्याने येणाऱ्या मुलाला सर्वप्रथम शिकवले जाते ते ड्रिबलिंग, म्हणजे एका हाताने चेंडू जमिनीवर आपटत राहणे आणि तसाच पुढे नेणे. क्रिया सोपी वाटते. मात्र नवशिक्या मुलाची नजर चेंडूवर खिळलेली असते. खाली पाहणाऱ्या या मुलाला ना सहकारी दिसतो, ना प्रतिस्पर्धी, ना बास्केट. ही नजर वर कशी उचलायची, हा प्रशिक्षकांपुढील जुना प्रश्न आहे. संपूर्ण गटाने एकाच तालावर चेंडू आपटणे हे त्याचे एक परिणामकारक उत्तर आहे. अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणात तालबद्ध ड्रिबलिंगला स्थान आहे. लेझीम आणि सामूहिक कवायतीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील शाळांनाही ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

नियमांत नसलेले कौशल्य

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत या खेळाला जन्म दिला. त्यांच्या मूळ १३ नियमांत ड्रिबलिंगचा उल्लेख नव्हता. चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती आणि जिथे चेंडू हाती आला तिथूनच तो फेकावा लागे. प्रतिस्पर्ध्यांनी घेरलेल्या खेळाडूंनी मग चेंडू पुढे टाकून स्वतःच पुन्हा मिळवण्याची युक्ती शोधली आणि त्यातून ड्रिबलिंग विकसित झाले. १९२७ साली अमेरिकेतील नियम समितीने ते केवळ एका टप्प्यापुरते मर्यादित करण्याचे ठरवले होते. कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग अॅलन यांच्या पुढाकाराने प्रशिक्षक संघटित झाले आणि हा निर्णय मागे घेतला गेला.

चेंडू आणि ताल यांचे नाते लोकप्रिय करण्याचे श्रेय हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या अमेरिकी प्रदर्शनी संघाकडे जाते. ‘स्वीट जॉर्जिया ब्राऊन’ या धूनवर वर्तुळात उभे राहून चेंडू खेळवणे ही या संघाची ओळख बनली. भारतात या खेळाचा प्रसार प्रामुख्याने वायएमसीएमार्फत झाला. स्प्रिंगफिल्डच्याच संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली.

चेंडू कोणता घ्यावा?

मुलांच्या हातात मोठ्यांचा चेंडू देणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. पुरुषांच्या सामन्यातील सात क्रमांकाचा चेंडू सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा असतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी पाच क्रमांकाचा चेंडू वापरतात. त्याचा परीघ सुमारे ७० सेंटिमीटर, तर वजन ५०० ग्रॅमपेक्षा किंचित कमी असते. चेंडूतील हवा तपासणेही तितकेच आवश्यक आहे. वीस मुलांच्या चेंडूंमध्ये वेगवेगळी हवा असेल, तर प्रत्येक चेंडू वेगळ्या उंचीपर्यंत उसळेल आणि उत्तम प्रयत्न करूनही ताल जुळणार नाही. मातीच्या मैदानावर खड्डा किंवा खडी लागली की टप्पा वाकडा जातो. त्यामुळे सिमेंट किंवा फरशीची सपाट जागा निवडावी.

संथ ताल सोपा नसतो

मुलांना सोपे जावे म्हणून शिक्षक अनेकदा संथ गाणे लावतात. येथे गणित फसते. चेंडूच्या टप्प्याची उंची आणि त्याला लागणारा वेळ परस्परांशी बांधलेले आहेत. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत प्रत्येक टप्प्याला ०.६ सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात मोकळा चेंडू सुमारे ४४ सेंटिमीटर उंचीवरून पडून तेवढाच वर येऊ शकतो. पाच क्रमांकाच्या चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर आहे. दोन्हींची बेरीज केल्यास हात जमिनीपासून साधारण ६६ सेंटिमीटरवर राहतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची कंबर जवळपास याच उंचीवर असते.

याउलट मिनिटाला ६० मात्रांची संथ लय धरली, तर एका टप्प्यासाठी पूर्ण सेकंद काढावा लागतो. त्यासाठी चेंडू सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे लहान मुलाच्या डोक्याजवळ उसळायला हवा. प्रत्यक्षात हात चेंडूला ढकलतो आणि क्षणभर त्याच्यासोबत वर-खाली होतो, म्हणून हे आकडे ढोबळ मानावेत. निष्कर्ष मात्र बदलत नाही. सलग ड्रिबलिंगसाठी मिनिटाला ९० ते ११० मात्रांची मध्यलय सोयीची ठरते. लय वाढवायची असेल, तर गुडघे अधिक वाकवून चेंडू खाली ठेवावा लागतो. ‘वेगाने आपटा’ असे सांगण्यापेक्षा ‘चेंडू गुडघ्याच्या खाली ठेवा’ ही सूचना मुलांना लवकर समजते.

हात मात्रेच्या आधी

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. टाळीचा आवाज ऐकून मूल चेंडू ढकलते, तेव्हा चेंडू जमिनीला लागेपर्यंत मात्रा निघून गेलेली असते. आवाज हाताचा नव्हे, जमिनीचा असतो. म्हणून मात्रा येण्यापूर्वीच हात खाली जायला हवा. हे केवळ सांगून समजत नाही. पुढची मात्रा कधी येणार याचा अंदाज बांधायला मूल ठेका ऐकत ऐकत शिकते. त्यासाठी ठेका अखंड आणि समान राहणे गरजेचे आहे. चेंडूंचा आवाज घुमणारा असल्याने त्यात टाळी हरवते. झांज किंवा लाकडी ठोकळ्यांचा टणक आवाज वेगळा ऐकू येतो.

क्रमाने कसे शिकवावे?

सुरुवात चेंडूविना करावी. मुलांनी आठ मात्रा मोठ्याने मोजत टाळ्या वाजवाव्यात. भजनातून आणि गाण्यांतून केरव्याच्या आठ मात्रा कानावर पडलेल्या असल्याने ही मोजणी लवकर अंगवळणी पडते.

दुसऱ्या टप्प्यात ‘एक’ला चेंडू आपटायचा आणि ‘दोन’ला दोन्ही हातांनी झेलायचा. संथ लय येथेच उपयोगी पडते. मात्र आपटून झेललेला चेंडू पुन्हा आपटणे हा सामन्यात नियमभंग ठरतो. त्यामुळे या टप्प्यावर फार काळ रेंगाळू नये.

तिसऱ्या टप्प्यात एका हाताने सलग ड्रिबलिंग सुरू होते. बोटे फाकवून, मनगट सैल ठेवून चेंडू खाली ढकलावा. तळहाताने चापट मारू नये. चेंडू पायांच्या बरोबर समोर न ठेवता त्याच हाताच्या बाजूला ठेवावा. आठ टप्पे उजव्या हाताने आणि आठ डाव्या हाताने, अशी अदलाबदल असावी. एकट्याने सराव करणारे मूल आपला कमकुवत हात टाळते. समूहाच्या मोजणीत ती सवलत मिळत नाही.

चौथ्या टप्प्यात विराम येतो. चार मात्रा आपटायचे, चार मात्रा चेंडू धरून निःशब्द थांबायचे आणि पुन्हा समेवर सर्वांनी एकत्र सुरुवात करायची. विरामात मनातली मोजणी चालू राहिली की नाही, हे त्या पहिल्या टप्प्यावर लगेच कळते.

त्यानंतर गटाचे दोन भाग करता येतात. एक भाग प्रत्येक मात्रेला चेंडू आपटतो, तर दुसरा एक मात्रा आपटून दुसरीला झेलतो. हे जमल्यावर चार पावले पुढे, चार मागे अशी चाल जोडावी. आठव्या मात्रेला प्रत्येकाने उजवीकडच्या सोबत्याला चेंडू टप्पा देऊन सोपवणे ही यातील अवघड पायरी होय.

नव्या मुलांना वर्तुळापेक्षा रांगांत, हात पसरल्यावर एकमेकांना लागणार नाहीत इतक्या अंतरावर उभे करावे. वर्तुळात समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो आणि गोंधळ उडतो. मुलांकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकानेही ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा हात वापरावा. अधूनमधून शिक्षकाने हाताची बोटे वर करावीत आणि मुलांनी ड्रिबलिंग न थांबवता ती मोजून सांगावीत. टप्प्याची खबर कान देऊ लागले की डोळे मोकळे होतात.

चेंडू सुटलेल्या मुलाचे काय?

या पद्धतीचा खरा कस येथे लागतो. ‘चेंडू सुटला की बाद’ असे खेळ अनेक शिबिरांत घेतले जातात. त्यात ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे, तेच मूल सर्वात आधी बाहेर बसते. उरलेला वेळ ते इतरांना पाहत राहते. कुशल मुलांना अधिक टप्पे मिळतात, मागे पडलेल्यांना कमी, आणि दोघांतील अंतर वाढत जाते. सामूहिक तालात चूक सर्वांना ऐकू येते, त्यामुळे संकोच अधिक वाटण्याचा धोका असतो. म्हणूनच नियम आधीच ठरवावा: चेंडू सुटल्यास गट थांबणार नाही. त्या मुलाने धावपळ न करता चेंडू आणावा, जागेवर उभे राहून मनात मोजावे आणि पुढच्या समेवर सामील व्हावे. दर आठ मात्रांनी परतीचा दरवाजा उघडतो. चूक झाल्यावर परत कसे यायचे, हे मुलाला सामन्यातही कामी येते.

चेंडू कमी, मुले अधिक

चाळीस मुले आणि दहा चेंडू ही अनेक शाळांतील वस्तुस्थिती आहे. अशा वेळी चार-चार मुलांचे गट करावेत. एकाने ड्रिबलिंग करावे, उरलेल्या तिघांनी टाळी, मांडीवरील थाप आणि पायाचा ठेका धरावा. १६ मात्रांनंतर चेंडू पुढच्याकडे जावा. रांगेत वाट पाहणारे मूल कंटाळते, पण ठेका धरणारे मूल सरावात असते. त्याचा कान आणि अंदाज तयार होत राहतो. सरावाच्या प्रारंभी दहा मिनिटे पुरेशी आहेत.

मर्यादाही ध्यानात घ्यावी

तालबद्ध ड्रिबलिंग म्हणजे बास्केटबॉल नव्हे. सामन्यात प्रतिस्पर्धी चेंडू हिसकावण्यासाठी पुढे उभा असतो. त्याला चकवण्यासाठी वेग अचानक बदलावा लागतो, हात बदलावा लागतो. एकसुरी ठेक्याचा प्रतिस्पर्ध्याला सहज अंदाज येतो. त्यामुळे गट तालात स्थिरावला की शिक्षकाने तो मोडण्याचीही संधी द्यावी. आठ मात्रा सर्वांनी एकत्र, पुढील आठ प्रत्येकाने मनाला येईल तशा आणि पुन्हा समेवर एकत्र, हा सराव त्यासाठी उपयुक्त आहे. केवळ स्नेहसंमेलनातील प्रात्यक्षिकासाठी महिनोन्‌महिने एकच रचना घोटून घेतल्यास मुले रचना शिकतात, खेळ शिकत नाहीत.

एका तालात पडणारे तीस चेंडू ऐकायला सुखद असतात आणि पालकांना ते आवडतात. शिक्षकाने मात्र त्या वेळी मुलांच्या नजरेकडे पाहावे. किती माना वर आहेत आणि सुटलेला चेंडू घेऊन किती मुले न कचरता पुन्हा रांगेत येत आहेत, यावरूनच प्रशिक्षणाचे यश ठरते.