शब्द, अर्थ, विरुद्धार्थी, वाक्य

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. वर्गातली बरीच मुलेमुली माझ्यासारखीच, घराण्यातली पहिली पदवी घेऊ पाहणारी. पहिल्या वर्षाला मी त्यांच्याकडून चार रकान्यांची वही करवून घेतो: शब्द, अर्थ, विरुद्धार्थी, वाक्य. अशी वही मला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी करायला लावली होती. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करीत. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण आज किती शब्द झाले हे ते रोज रात्री विचारीत.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वहीत ‘अनटचेबल’ हा शब्द लिहिला. अर्थही लिहिला. तिसरा रकाना मात्र कोरा. ‘सर, याचा ऑपोझिट काय?’ मी म्हणालो, ‘टचेबल.’ तिने विचारले, ‘पण तसे माणसाला म्हणतात का?’ वर्ग हसला. मी तो तास कसाबसा उरकला. तिच्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नव्हते, इतिहासात होते.

मराठी माणसाला इंग्रजी शब्दांचे अर्थ कोणी लावून दिले, इथपासून सुरुवात केली पाहिजे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने निघाला. शब्द गोळा करण्याच्या आणि अर्थ ठरवण्याच्या कामाला ब्राह्मण शास्त्री होते. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. या कामाची थोरवी मी नाकारत नाही, तो कोश आजही माझ्या टेबलावर असतो. पण त्या सालाशेजारी दुसरे एक साल ठेवून पाहा. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने याच मुंबई सरकारकडे अर्ज केला, की सरकारी शाळेत मला प्रवेश मिळत नाही. जुलैमध्ये सरकारचा ठराव झाला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने कबूल केले. पण एका मुलासाठी सवर्णांची अख्खी शाळा ओस पडण्याचा धोका पत्करता येत नाही, असे म्हणून त्याला परत पाठवले. साठ हजारांच्या घरातले शब्द छापायला निघालेल्या राज्यात त्या मुलाला अक्षराला शिवता आले नाही.

त्याच कोशात ‘दलित’ हा शब्दही आहे. अर्थ दिला आहे दळलेला, मोडलेला, तुकडे झालेला. माणसांच्या समूहाचे नाव म्हणून तो तिथे नाही. ते काम पुढच्या शतकातल्या चळवळीने केले.

शाळेचे दार बंद होते, पण पलटणीत एक खिडकी उघडी होती. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. रामजी सुभेदार त्या शिक्षणातून वर आले आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. मुंबईला आल्यावर त्यांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके वाचून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तिन्ही पुस्तके पाठ करून घेतली. मराठीतले वाक्य इंग्रजीत न्यायचे, इंग्रजीतले मराठीत आणायचे, आणि प्रतिशब्द नेमका बसला की नाही हे पाहायचे. संस्कृत शिकण्याची भीमरावांची इच्छा होती. जातीमुळे ते दार बंद झाले, फारसी घ्यावी लागली. इंग्रजी मात्र घरात, बापाच्या देखरेखीखाली पक्की झाली.

या पाठांतराला आज कोणी घोकंपट्टी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गाईडमधली तयार वाक्ये पाठ करणे वेगळे आणि शब्द तोलायला शिकणे वेगळे. माझ्या वहीत ‘बट’ या शब्दापुढे गाईडातून उतरवलेले वाक्य होते, ‘ही इज पुअर बट ऑनेस्ट’. वडिलांना अर्थ सांगितला: तो गरीब आहे पण प्रामाणिक आहे. ते म्हणाले, ‘पण कशाला?’ पुढे एम.ए. होईपर्यंत मला त्या ‘पण’मधली मेख कोणत्याही प्राध्यापकाने दाखवली नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. इंग्रजीत ‘टचेबल’ हा शब्द जुनाच आहे, पण हाताला लागणाऱ्या वस्तूंबद्दलचा. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे मताधिकाराबद्दल साक्ष देताना सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या खऱ्या सामाजिक विभागांची यादी मांडली. पहिला विभाग टचेबल हिंदू, दुसरा अनटचेबल हिंदू, आणि मग मुसलमान, ख्रिस्ती वगैरे. यादी साधी दिसते. पण सवर्ण समाज स्वतःला फक्त ‘हिंदू’ म्हणवीत होता आणि विशेषण दुसऱ्यांना लावीत होता. बाबासाहेबांनी त्यालाही विशेषण लावले. कोरा रकाना भरला गेला. हे वळण त्यांना तर्खडकरांच्या पुस्तकांनी लावले असे मी सिद्ध करू शकत नाही, पण शब्द तोलण्याची सवय तिथली असावी असा माझा तर्क आहे.

पुढची लढाई ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाची. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबलेले. हे कर्मणी रूप आहे, दाबणारा कर्ता वाक्यात नाही. गोलमेज परिषदेच्या दुसऱ्या बैठकीत, नोव्हेंबर १९३१ मध्ये, बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात या नावावर आक्षेप घेतला. ते हीन आणि असहाय वाटायला लावणारे आहे, असे म्हणून ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय सुचवले. शेवटची दोन नावे इंग्रजांच्याच धर्मेतिहासातली, प्रस्थापित चर्चला नकार देणाऱ्यांची. दाबले गेलेले नव्हे, नाकारणारे. १९३१ च्या जनगणनेत हटनने ‘एक्स्टेरियर कास्ट्स’ म्हटले. १९३५ च्या कायद्यात आले ‘शेड्यूल्ड कास्ट्स’. शेड्यूल म्हणजे यादी. यादीला विरुद्धार्थी शब्द नसतो, आणि यादीत कोणी कोणामुळे आले हेही तिच्यात लिहिलेले नसते.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिथे तो इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. घटना समितीत त्यावर हरकत निघाली होती. १९५५ च्या कायद्यातही व्याख्या आली नाही. न्यायालयांनी नंतर अर्थ लावला तो असा, की अवतरणचिन्हे आहेत म्हणून शब्दशः अर्थ घ्यायचा नाही, इतिहासात वाढलेली प्रथा पाहायची. अर्थाचा रकाना इथे कोशाने भरून भागत नाही.

माझी मुले आज ‘रिझर्व्ह्ड’पुढे ‘ओपन’ लिहितात. मी तो शब्द खोडत नाही, पण थांबवतो. खुला म्हणजे कोणाचा? डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव खटल्यात पुन्हा सांगितले, की खुला प्रवर्ग हा कोणाचा राखीव कोटा नाही, गुणवत्तेवर तिथे कोणत्याही जातीचा उमेदवार येऊ शकतो. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र ‘ओपनवाला’ हे जातीचेच नाव आहे. विरुद्धार्थी शब्दाची जोडी चुकली की हक्कही चुकतो, हे प्रवेशाच्या दिवसांत मी दरवर्षी पाहतो. आपली मुले खुल्या यादीत नाव लागूनही ते चुकून लागले समजून ऑफिसात विचारायला येतात.

त्या मुलीसाठी मी १९१९ च्या साक्षीच्या पानाची झेरॉक्स नेली. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात ती आहे. आठवड्याने तिने वही दाखवली. तिसऱ्या रकान्यात ‘टचेबल’. चौथ्यात तिचे स्वतःचे इंग्रजी वाक्य: आमच्या गावात टचेबल लोक देवळाजवळ राहतात. क्रियापद बरोबर होते, अनेकवचन बरोबर होते. मी खाली सही केली.