महाडच्या दोन रात्री: छबिना आणि भीमगीतं

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल किंवा रात्री कानात हेडफोन घालून पडला असाल, तर आज जरा माझ्याबरोबर महाडला चला.

चौकात ढोल वाजला की आपण घरातून बाहेर पडतो. तिकीट नाही, खुर्ची नाही, उभं राहायचं आणि बघायचं. रस्त्यावरचं मनोरंजन सगळ्यांचंच असतं, असं आपण धरून चालतो. महाडचा इतिहास वाचला की मात्र प्रश्न पडतो: चौकात उभं राहायचा हक्क सगळ्यांना होता का?

पहिली रात्र छबिन्याची. सावित्रीच्या काठच्या या जुन्या बाजारपेठेचं दैवत म्हणजे वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या पाठोपाठ त्याचा छबिना निघतो. आसपासच्या गावांतून देवांच्या पालख्या येतात, सासणकाठ्या नाचवल्या जातात, ढोल आणि सनई वाजत राहतात. महाड-पोलादपूरकडची मुंबईला गेलेली मंडळीही त्या गर्दीत भेटतात. जत्रा म्हटली की खेळणी, मिठाई, पाळणे आलेच.

आता हेच वीरेश्वराचं नाव 1927 सालात ऐका.

19 आणि 20 मार्च 1927. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, ती वीरेश्वर थिएटरमध्ये. म्हणजे नाटकाच्या जागेत! परिषदेला आलेल्या माणसांना गावातलं पाणी भरायची मुभा नव्हती. म्हणून 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. कागदावर मात्र चित्र वेगळं होतं. 1923 साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला होता. त्यानंतर सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. तळं खुलं होतं, पण जायची सोय नव्हती.

20 तारखेला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक रांगेनं तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात अफवा उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार! काठ्या घेतलेला जमाव मांडवात घुसला. जेवत असलेल्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. रस्त्यात सापडलेल्यांनाही झोडपलं. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. नंतर 108 घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं.

म्हणजे बघा, ज्या देवाच्या नावानं गाव रात्रभर नाचतं, त्याच देवाच्या नावानं एक अफवा उठली आणि गावातल्या गल्ल्या काही माणसांना बंद झाल्या.

याच सत्याग्रहाशी तमाशाचीही एक गोष्ट जोडलेली आहे आणि मला ती फार विचार करायला लावते. पठ्ठे बापूराव त्या काळचे मोठे शाहीर. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्मानं ब्राह्मण. त्यांच्या फडातली गाजलेली कलावंत पवळा ही महार समाजातली. महाडच्या सत्याग्रहासाठी निधी जमत होता, तेव्हा बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. पैशांची गरज होती, तरी नाकारलं. माणूस म्हणून मान मिळावा यासाठी लढायचं आणि त्या लढ्याचा खर्च आपल्याच बायकांच्या नाचातून काढायचा, हे त्यांना पटणारं नव्हतं. पण यातली दुसरी बाजूही सोडू नका. त्या बायकांची कलाही खरी होती आणि त्यांचं पोटही त्यावरच होतं. त्यांना काय वाटलं असेल, हे फार कमी जणांनी विचारलं.

पण गाणं काही थांबलं नाही. 1930 नंतर भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. सत्यशोधक जलशांची वाट आधीच तयार होती. तमाशातला गण, बतावणी, सवाल-जवाब हे घेतलं आणि आशय बदलला. मुलांना शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, पाण्यावर आपला हक्क सांगा. ज्यांना पेपर वाचता येत नव्हता, त्यांच्यापर्यंत चळवळ अशी गाण्यातून पोचली. पुढं वामनदादा कर्डकांनी भीमगीतं गावोगाव नेली.

तळ्याची लढाई कोर्टात मात्र खूप वर्षं चालली. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. एका तळ्यासाठी दहा वर्षं!

आणि म्हणून आता दुसरी रात्र, 20 मार्चची. चवदार तळ्याभोवती निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लांबलांबून आलेली कुटुंबं, माइकवर भीमगीतं. लोक पाणी ओंजळीत घेतात, सेल्फी काढतात, गाण्यावर ठेका धरतात. बाहेरून बघणाऱ्याला ही एक जत्राच वाटेल. वाटू दे की! जिथं पाणी प्यायलं म्हणून मार खावा लागला, तिथं निवांत उभं राहून गाणं ऐकता येणं, हेच तर कमावलेलं आहे.

दोन्ही रात्री एकाच गावातल्या, बहुतेक वर्षी काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अंतरानं येणाऱ्या. जमलं तर दोन्ही बघा, मगच महाड बघितलं असं म्हणा.

आता तुमची पाळी. तुमच्या गावच्या जत्रेत कोण वाजवायचं, कोण नाचायचं आणि कोणाला लांब उभं राहावं लागायचं? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, ऐकत राहा!