औषधनिर्माता आणि रुग्ण

मराठीत फार्मसीला ‘औषधनिर्माणशास्त्र’ म्हणतात. संज्ञेत निर्मिती आहे, रुग्ण नाही. आणि मुंबईतील या विद्येचा इतिहास संज्ञेला धरूनच आहे. १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापिला. त्याच्या माटुंग्यातील औषधशाखेचे पदवीधर बव्हंशी कारखान्यांकडे वळले, परळचे के. ई. एम. रुग्णालय जवळ असूनही दूरच राहिले. १९४८ च्या फार्मसी कायद्याखालील १९९१ च्या नियमांत पदविकेसाठी ५०० तासांचे प्रशिक्षण होते. त्यात चिठ्ठी वाचणे, मात्रा तपासणे, एवढेच नव्हे तर चिठ्ठीचे भाषांतरही (!) आले, रुग्णाशी बोलणे मात्र आले नाही. अखेरचे वर्ष रुग्णालयात घालविण्याचा सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ अभ्यासक्रम निघाला तो २००८ साली, म्हणजे विभागाच्या स्थापनेनंतर पाऊणशे वर्षांनी.