अंबेचा पूर: पाऊस घाटात, पाणी दारात

महापूर म्हटलं की आपल्याला २६ जुलै २००५ आठवतो. पेण-रोह्याकडची जुनी माणसं मात्र जुलै १९८९ वर थांबतात. तेव्हा अंबा नदी जांभूळपाड्यात शिरली, कितीतरी माणसं गेली. खाली रोहा तालुक्यातलं नागोठणंही बुडालं.

आता नकाशा बघू. अंबा सह्याद्रीत उगम पावते आणि पेणच्या बाजूला धरमतर खाडीला मिळते. वाट तशी आखूडच! घाटात कोसळलेलं पाणी काही तासांत खाली येतं. त्यात खाडीला भरती असली की ते पुढे सरकत नाही, गावातच तुंबतं. आपण इतिहासवाले नागोठण्याच्या जुन्या दगडी पुलाचं साल विचारतो; १९८९ चं पाणी कुठवर चढलं, हे विचारायचं राहूनच जातं. ते सांगणारी माणसं अजून आहेत.