खाटेवरून काय दिसते?

रुग्णालय बांधताना खाटा किती, हवा कशी खेळेल, जंतुसंसर्ग कसा टाळायचा, याचा विचार होतो. खाटेवर पडलेल्या माणसाला तिथून काय दिसते, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी अभ्यासासाठी घेतला नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात तो मांडला होता. तापाच्या रोग्याला खिडकीबाहेरचे दिसू नये, नजरेसमोर फक्त फळीतल्या गाठी असाव्यात, यातला त्रास तिने स्वतः आजारपणात भोगला होता. पण तो अनुभव झाला. पुरावा कसा मिळवायचा?

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने त्यासाठी साधी पण हुशार युक्ती केली. पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयात जवळजवळ सारख्याच खोल्यांची रांग होती. काही खिडक्यांतून झाडे दिसत, काहींतून तपकिरी विटांची भिंत. खोली रिकामी होईल तसा रोगी तिथे जाई, म्हणजे निवड कोणी मुद्दाम केलेली नव्हती. उलरिचने १९७२ ते १९८१ मधल्या, पित्ताशय काढलेल्या रोग्यांच्या जुन्या नोंदी घेतल्या. त्याही फक्त मे ते ऑक्टोबरमधल्या. का बरे? एरवी झाडांना पानेच नसतात! वय, लिंग, धूम्रपान वगैरे जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या. नोंदी उतरवणाऱ्या परिचारिकेला कोणाची खिडकी कुठली, हे ठाऊक नव्हते.

१९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आले. झाडे दिसणारे रोगी सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंत दिसणारे ८.७० दिवस. पहिल्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. 'रडत होती', 'धीर द्यावा लागला' अशा नोंदीही त्यांच्याबाबत बऱ्याच कमी होत्या.

रोगी अवघे ४६, आणि भिंतही अगदी एकसुरी. त्यामुळे गुण झाडांचा की दोष भिंतीचा, हे यातून ठरत नाही. माझ्या मते मोठी उणीव वेगळीच आहे. उलरिचने रोग्यांना काही विचारलेच नव्हते. त्यांचे दुखणे आपल्याला कळते ते परिचारिकांच्या लेखणीतून.

पुढे ब्रिटनमध्ये अ‍ॅलन रॅडली आणि डायन टेलर यांनी वॉर्डातल्या रोग्यांच्याच हाती कॅमेरे दिले. आपल्याला महत्त्वाचे वाटेल त्याचे फोटो त्यांनी काढायचे, मग त्यावर गप्पा. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या फोटोवरून फारसे कळत नाही, तो का काढला हे रोग्याने सांगावे लागते. म्हणून घरी परतल्यावर तेच फोटो पुढे ठेवून त्यांना पुन्हा बोलते केले गेले.