निरोप आणि त्याची पारख

१६७० च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस रात्रीं सिंहगडावर ज्वाळा उठल्या. तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनीं गडावरील पागेला आग लाविली होती. सरळ रेषेंत सुमारें १५ किलोमीटर दूर असलेल्या राजगडावरून शिवाजीमहाराजांनीं तो उजेड पाहिला आणि गड हातीं आल्याचें ओळखलें. सभासदाच्या बखरींत हा प्रसंग थोडक्यांत आला आहे. आणि त्याला लागूनच दुसरी गोष्टही आली आहे. दुसऱ्या दिवशीं जासूद वर्तमान घेऊन आला, तेव्हां कळलें कीं, तानाजी पडला.

एकाच घटनेचे हे दोन निरोप. उजेड क्षणांत पोंचला, पण त्याला एकच गोष्ट सांगतां आली. जासूद उशिरां पोंचला, पण विजयाचें मोल त्यानेंच सांगितलें. उजेडाचा वेग आणि जासुदाचा तपशील एका साधनांत कसा आणावा, या प्रश्नाभोंवतीं दूरसंदेशाचा पुढील इतिहास फिरत आला आहे. त्याच्याच पोटांत दुसरा प्रश्न आहे : निरोप जसाच्या तसा पोंचला याची पारख कोणीं आणि कोठें करावयाची?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखांत या प्रश्नाचें पहिलें उत्तर सांपडतें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोंगलांकडे गेले, त्यांत कोंढाणा होता; राजगड आणि तोरणा महाराजांकडे राहिले. समोर दिसणारा, पण हातीं नसलेला तो गड होता. आग अपघातानेंही लागते आणि शत्रूही लावूं शकतो. त्या उजेडाला अर्थ आला तो पाहणाराला मोहीम ठाऊक होती म्हणून. पारख करणारा तेथें निरोप घेणाराच होता.

पुढें राजगड व तोरणा पंतसचिवांच्या भोर संस्थानांत राहिले. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. तोंवर निरोपाचें वाहन पार बदललें होतें. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्याजवळ विजेच्या तारेचा प्रयोग केला, आणि १८५५ च्या फेब्रुवारींत तारायंत्र हिंदुस्थानांतील सामान्य लोकांना खुलें झालें. लांबच्या तारेंत प्रवाह क्षीण होई. म्हणून वाटेंतील कचेरींत कारकून संदेश उतरून घेऊन पुढें पाठवी, किंवा रिले नांवाचें विद्युच्चुंबकी यंत्र तेथें नव्या घटमालेच्या बळावर तोच ठोका पुढें देई. दोष शोधण्याचें कामही शास्त्र बनलें. तारेचा विद्युद्रोध लांबीच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून तार जमिनीला कोठें टेकली आहे याचा अंदाज कचेरींत बसून, व्हीट्स्टन सेतु आणि गॅल्व्हॅनोमीटर यांच्या साह्यानें काढतां येई. ही तारसेवा भारतांत २०१३ च्या जुलैंत बंद झाली.

संगणक एकमेकांशीं बोलूं लागले तेव्हां १९७६ सालीं एक्स.२५ हा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला. त्यांत माहितीचे तुकडे करीत आणि प्रत्येक टप्प्यावर तुकडा तपासून, बिघडला असल्यास मागील टप्प्याकडून पुन्हा मागवीत. तारा खराब असतांना ही सावधगिरी योग्य होती. पण कांचतंतूंच्या वाहिन्यांत चुका फारच कमी होऊं लागल्या, आणि दर टप्प्यावरील थांबणें हा निव्वळ विलंब ठरला. यांतून फ्रेम रिले ही पद्धति निघाली. तिची चौकट आंतरराष्ट्रीय समितीनें १९८८ सालीं मांडली. १९९० सालीं सिस्को, डिजिटल, नॉर्दर्न टेलिकॉम आणि स्ट्रॅटाकॉम या कंपन्यांनीं एकत्र येऊन तिला व्यवहारांत आणलें.

तिचे घटक मोजकेच. ग्राहकाकडे राऊटर, अथवा साध्या यंत्राची माहिती चौकटींत बसविणारें ‘फ्रॅड’ हें उपकरण; तेथून सेवा देणाराच्या स्विचपर्यंत जोडवाहिनी; आणि स्विच-स्विचांमधील मोठ्या वाहिन्या. या जाळ्यांतून दोन ग्राहकांमध्यें एक कायमची कल्पित वाट आंखलेली असते. प्रत्येक चौकटीवर सामान्यतः १० द्विमान अंकांचा, म्हणजे ० ते १०२३ पर्यंतचा, वाटक्रमांक असतो. तो त्या जोडवाहिनीपुरताच खरा. पुढचा स्विच तो बदलून चौकट पुढें देतो. चौकटीच्या शेवटीं १६ अंकांची पडताळणी असते. ती जुळली नाहीं तर स्विच चौकट टाकून देतो, आणि कोणाला कळवीतही नाहीं. हरवलेलें पुन्हा मागविण्याचें काम दोन टोंकांच्या संगणकांचें.

जें जाळें मुकाट्यानें टाकून देतें, तेथें परीक्षकाला महत्त्व येतें. परीक्षायंत्र जोडण्याच्या रीति दोन. पहिलींत तें ग्राहकाचें उपकरण आणि जोडवाहिनी यांच्यामध्यें समांतर लावून नुसतें ऐकतात. त्याचा अंतर्गत रोध मोठा ठेवावा लागतो, नाहींतर ऐकणाराच संकेत दुबळा करतो. दुसरींत वाहिनी तोडून यंत्राला एका बाजूची भूमिका देतात. त्यांत शोध खोलवर जातो, पण तेवढा वेळ ग्राहकाचें काम बंद पडतें. ठराविक अंकमालिका पाठवून, दूरच्या टोंकाहून ती परत वळवून, किती अंक बदलले हेंही मोजतात. शिवाय ग्राहकाचें उपकरण स्विचला बहुधा दर १० सेकंदांनीं क्षेम विचारीत असतें. तें उत्तर नीट येत असून चौकटी मात्र पोंचत नसतील, तर जोडवाहिनीला दोष देण्यापूर्वीं परीक्षक वाटक्रमांकांची आंखणी तपासतो.

फ्रेम रिलेची जागा आतां नव्या पद्धतींनीं घेतली आहे. तिनें दिलेलें उत्तर मात्र स्पष्ट आहे : वाटेनें वेग द्यावा आणि पारख टोंकांनीं करावी. राजगडावर त्या रात्रीं पारख टोंकालाच झाली होती, आणि ती चुकली नाहीं. गड आल्याचें उजेडानें बरोबर सांगितलें. तानाजी गेल्याचें सांगण्यास मात्र माणूसच यावा लागला.