मांडवी ते नेस्को : मुंबईच्या दोन साथी

संपादक मंडळाने सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा." पण बिल्डरशी झालेलं भांडण, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी आणि गणपती यांवर या अंकात इतरांनी लिहिलेलंच आहे. पंचवीस वर्षांत आपल्या गेटला पालिकेने बांबू बांधले, असं मात्र एकदाच घडलं. मी त्याबद्दल लिहिणार आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे एक सवय लागली आहे. चालू वर्षाच्या आकड्याशेजारी मागचा आकडा असल्याशिवाय मला ताळेबंद वाचता येत नाही. म्हणून आधी मागची साथ.

माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. मी शाळेत असताना, म्हणजे १९६० च्या सुमाराला, जिन्यात मेलेला उंदीर दिसला तरी ती घाबरीघुबरी व्हायची. आम्ही हसायचो. तिच्या लहानपणी "उंदीर पडला" म्हणजे बिऱ्हाड हलवायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

ती साथ सुरू झाली सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत. बंदराजवळची वस्ती, धान्याची गोदामं, वर कोंदट खोल्या. तिथल्या एका रुग्णाचा ताप आणि गाठ पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं ओळखलं. डॉक्टर मूळचे गोव्याचे आणि नगरपालिकेचे सभासदही होते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदराच्या पिसवेतून माणसात येतो हे कळायचं होतं. त्यामुळे पालिकेने गटारं धुतली, घरांना चुना लावला, जंतुनाशक ओतलं. मेहनत प्रचंड झाली, पण रोग हटला नाही. लाखो लोक गावी पळाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला.

त्या काळची 'टेस्ट' म्हणजे काय, तर रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना उभं करून काखेत, जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. बायकांनाही यातून सुटका नव्हती. गाठ सापडली की माणसाला इस्पितळात न्यायचं आणि घरच्यांना छावणीत टाकायचं. साहजिकच लोक आजारी माणूस लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, तपासणी आणखी कडक झाली. पुण्यात त्याचं पर्यवसान रँडच्या वधात झालं. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली.

मग काही गोष्टी बदलाव्या लागल्या. वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळं चालवू दिली. आपल्याच माणसांची देखभाल मिळते म्हटल्यावर तिथे जायला लोक तयार झाले.

लशीचंही तसंच झालं. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तरी लोक बिचकत होते. तेव्हा तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

आता चालू वर्षाचा रकाना. ११ मार्च २०२० ला मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण सापडले. पालिकेने सुरुवातीच्या रुग्णांची सोय आणि तपासणी केली ती कस्तुरबा रुग्णालयात. हे कस्तुरबा म्हणजे कामगारांनी हल्ला केलेलं आर्थर रोडचं तेच रुग्णालय! या वेळी हल्ला झाला नाही, उलट तपासून घ्यायला लोकांची रांग लागली. एवढा बदल नक्की झाला होता.

पण माणसाचं मन फारसं बदललं नव्हतं, हे मी माझ्यावरूनच सांगतो. त्या वेळी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मे महिन्यात बी विंगमध्ये पहिला रुग्ण निघाला आणि चौदा दिवस आपलं गेट बंद झालं. दूध, औषधं गेटवर यायची. लिफ्टमध्ये माझ्या सहीची नोटीस होती : "ताप, खोकला असल्यास त्वरित कळवावे. माहिती लपविणाऱ्यावर कारवाई केली जाईल." बी विंगच्या त्या कुटुंबाकडे आपण सगळे, मीसुद्धा, कसं बघत होतो ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

जुलैमध्ये मला ताप आला. पाऊस सुरू होता, म्हटलं साधा असेल. खरं कारण वेगळं होतं. पुन्हा गेट बंद होईल आणि ते सेक्रेटरीमुळे, ही लाज. पालिकेच्या आरोग्यसेविका ताई रोज घरोघरी फिरायच्या. हातात ऑक्सिमीटर, अंगावर रेनकोट. गेटवरून त्यांनी विचारलं, "काका, घरात सगळे ठीक ना?" मी म्हणालो, "एकदम ठीक." अंगात शंभराच्या वर ताप होता. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली आणि स्वतः मात्र खोटं स्टेटमेंट दिलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या सौ.ना धाप लागली. मग कसली लाज आणि कसलं काय! मीच ताईंना फोन केला. ऑक्सिमीटरने ८९ दाखवलं. त्यांनी वॉर्डच्या वॉररूमला कळवलं आणि रात्री बेड मिळाला. २४ वॉर्डांत अशा वॉररूम केल्यामुळे मुंबईभर एकाच नंबरवर गर्दी होत नव्हती, हे मला तेव्हा समजलं. सौ. बाराव्या दिवशी घरी आल्या. दोन दिवस आधी बोललो असतो तर हे एवढ्यावर गेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे कधीही ताईंनी मला त्यावरून बोल लावला नाही. येता-जाता फक्त "काकू कशा आहेत?" विचारायच्या.

त्याच जुलैत पालिकेने तीन वॉर्डांत लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. म्हणजे चाचणीत न सापडलेले कितीतरी होते. काहींना लक्षणंच नसतील, आणि काही माझ्यासारखे गप्प बसले असतील. चाचणीचं यंत्र कितीही चांगलं असो, माणूस पुढे आला तरच त्याचा उपयोग. १८९६ मध्ये माणसं भीतीने लपली, मी अब्रूपायी लपलो.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. अॅपवर तारीख मिळेना. सी विंगच्या मुलांनी आम्हा म्हाताऱ्यांची नोंदणी करून दिली. नेस्कोत लाकडी फळ्यांच्या केबिन, खुर्च्यांच्या रांगा, आणि टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं. सगळं शिस्तीत. आपले वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशी मात्र घाबरत होत्या. "सुई घेतली की माणूस आठवडाभर झोपून राहतो म्हणे." मग दुसऱ्या दिवशी हात दुखत असतानाही मी मुद्दाम कंपाउंडला चार फेऱ्या मारल्या, त्यांना दिसाव्यात म्हणून. पुढे पंचेचाळीसच्या वरच्यांना आणि मग सगळ्यांना लस खुली झाली, तेव्हा त्याच मुलांनी गेटवर टेबल टाकून मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले यांची नावं नोंदवली. मध्ये लशीचा तुटवडा झाला, हेलपाटे पडले. पण आपल्या गेटमधून रोज आत येणारं कुणी सुटलं नाही. पंचवीस वर्षांतलं आपल्या सोसायटीचं हे मला सगळ्यात मोठं काम वाटतं.

नव्या कमिटीला एक विनंती. ऑफिसातलं ऑक्सिमीटर सेल बदलून चालू ठेवा. आणि पुन्हा कधी अशी नोटीस लावायची वेळ आली, तर "कारवाई केली जाईल" ही ओळ काढून तिथे "डबा आणि औषधं सोसायटी पोचवेल" असं लिहा. लोक आपणहून सांगतील. मीसुद्धा सांगितलं असतं.

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाला त्या आरोग्यसेविका ताईंना बोलावण्याचं कमिटीने कबूल केलं आहे. त्या दिवशीच्या उत्तराबद्दल त्यांची माफी मागायची राहून गेली आहे. ती मी त्या दिवशी सगळ्यांसमोर मागणार आहे.